४२ डोंगर, २४ तास आणि एक दरवाजा

रविवारी पहाटे चारचा गजर लावून डोंगर चढायला पळणारी काही मंडळी तुमच्याही ओळखीची असतील. किंवा ते तुम्हीच असाल. आजचा भाग खास तुमच्यासाठी. बाकीच्यांनी पांघरुणातून ऐकला तरी चालेल.

तारीख १३ जून १९३२. इंग्लंडच्या उत्तरेकडे लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगर-तळ्यांचा मुलूख आहे, तिथलं केझिक हे छोटं गाव. रात्रीचा एक वाजलाय. बाजारपेठेच्या मधोमध मूट हॉल नावाची जुनी इमारत आहे, तिच्या दारातून एक माणूस धावायला निघतो. नाव बॉब ग्रॅहम, धंदा पाहुण्यांसाठी गेस्ट हाऊस चालवण्याचा. पायात टेनिसचे बूट, खाली लांब अर्धी चड्डी आणि वर चक्क पायजम्याचा सदरा! खायला पाव-लोणी, उकडलेलं अंडं, फळं आणि गोळ्या-चॉकलेटं. ना जेल, ना घड्याळात नकाशा.

त्याचा बेत असा होता : २४ तासांत ४२ शिखरं करायची आणि पुन्हा याच दारात यायचं. ४२ का? तर वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक शिखर, असं सांगतात. आदल्या वर्षी, १९३१ मध्ये, त्याने एकदा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. या वेळी मात्र सरावात त्याने वाटेतला दगड न् दगड पाठ केला. बूट झिजू नयेत म्हणून सरावाला तो अनवाणी जायचा, अशीही गोष्ट तिकडे सांगितली जाते.

हा फेरा आहे तरी केवढा? साधारण १०६ किलोमीटर, आणि सगळी चढण मिळून सुमारे ८,२०० मीटर. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. एकेकटा डोंगर तसा लहानच. इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक याच वाटेवर आहे आणि ते जेमतेम ९७८ मीटरचं. खरी गंमत (किंवा खरा छळ म्हणा) पुढे आहे. कमावलेली उंची दर वेळी खाली उतरून गमवायची आणि समोरचा डोंगर पुन्हा पायथ्याकडून चढायचा. त्यात दगडांचे ढीग, दलदल आणि केव्हाही उतरणारं धुकं. धुक्यात चुकीची धार पकडलीत, तर अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

ग्रॅहम मूट हॉलला परतला तेव्हा रात्रीचे १२ वाजून ३९ मिनिटं झाली होती. म्हणजे २३ तास ३९ मिनिटं. हातात उरली होती फक्त २१ मिनिटं.

आणि मग पुढे काय झालं? काहीच नाही! तब्बल २८ वर्षं कोणालाच हे पुन्हा जमलं नाही. इतकी वर्षं एखादी गोष्ट दुसऱ्या कोणालाच जमली नाही, की लोक कुजबुजायला लागतात : खरंच केलं असेल का हो त्याने? शेवटी १९६० मध्ये ॲलन हीटनने तो फेरा २२ तास १८ मिनिटांत पूर्ण केला. माझ्या मते या विक्रमाने मोडण्यापेक्षा सिद्ध करण्याचंच काम जास्त केलं. कारण ‘अशक्य’ हा शब्द पुसला गेला आणि १९३२ च्या त्या आकड्याला वजन आलं. बॉब ग्रॅहम तेव्हा हयात होता. तो १९६६ मध्ये गेला.

१९७१ मध्ये फ्रेड रॉजरसन यांनी ‘बॉब ग्रॅहम क्लब’ सुरू केला. २४ तासांच्या आत फेरा केलात तर सभासद. पण एक अट आहे, आणि मला ती फार आवडते : प्रत्येक शिखरावर तुमच्यासोबत कोणीतरी साक्षीदार हवा. म्हणजे हा विक्रम एकट्याचा होतच नाही. कोणीतरी रात्री तुमच्यासाठी पाणी घेऊन खिंडीत थांबतं, कोणी धुक्यात पुढे वाट काढतं. आणि आज तुम्हाला मदत मिळाली, तर उद्या दुसऱ्यासाठी पहाटे तीनला तुम्हीही उठायचं, हे न सांगताच ठरलेलं. आजपर्यंत दोन हजारांहून जास्त लोकांनी हा फेरा पूर्ण केलाय. बायकांमध्ये पहिली जीन डॉज, १९७७ मध्ये, २३ तास २७ मिनिटांत.

आता वेगाची गोष्ट. १९८२ मध्ये तिथल्याच बॉरोडेल खोऱ्यातला गवंडी बिली ब्लँड याने १३ तास ५३ मिनिटांत फेरा मारला. ग्रॅहमच्या वेळेपेक्षा जवळजवळ दहा तास कमी! बूट सुधारले, खाणं सुधारलं, घड्याळं उपग्रहाशी बोलू लागली, तरी हा आकडा ३६ वर्षं हलला नाही.

मग २०१८ च्या जुलैमध्ये स्पेनमधल्या कॅटलोनियाचा कीलियन जोर्नेट आला. डोंगरी धावण्यातलं जगातलं सगळ्यात मोठं नाव. पण वाट दाखवायला, पाणी धरायला धावले तिथलेच स्थानिक धावपटू; स्वतःच्या खोऱ्यातला विक्रम मोडायला परक्याला मदत करत! वेळ आली १२ तास ५२ मिनिटं. मूट हॉलच्या दारात त्याचं अभिनंदन करायला कोण उभं होतं? बिली ब्लँड.

कीलियनचा आकडाही फार टिकला नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या जॅक कुन्झलने १२ तास २३ मिनिटांची नोंद केली. महिलांमध्ये जास्मिन पॅरिसने २०१६ मध्ये १५ तास २४ मिनिटं घेतली होती (हीच ती, जिने २०२४ मध्ये अमेरिकेतली बार्कली शर्यत मुदत संपायला ९९ सेकंद उरलेली असताना पूर्ण केली). मग २०२०, कोविडचं वर्ष. शर्यती रद्द, धावणाऱ्यांचे पाय शिवशिवत होते. तेव्हा जगभर लोक अशा वाटांवरच्या विक्रमांकडे वळले, कारण इथे ना नंबरपट्टी लागते, ना ठरलेली तारीख, ना बक्षीस. त्याच जुलैत बेथ पॅस्कलने १४ तास ३४ मिनिटांत फेरा पूर्ण केला. पेशाने ती लहान मुलांची डॉक्टर. निघाली मूट हॉलच्या दारातून, पोचली त्याच दारात.