काळोख्या खोलीतून शाईच्या थेंबाकडे

आपल्या ज्ञातीत असे घर विरळाच, की ज्याच्या भिंतीवर वाडवडिलांची एखादी तसबीर नाही. दसऱ्यास तिला हार घालावा, घरातील लग्नपत्रिका देवापाठोपाठ तिच्यापुढे ठेवावी, हा आपला परिपाठ आहे. परंतु ती प्रतिमा कागदावर कशी उमटली आणि आज तशी का उमटत नाही, ह्याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो इतिहास ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

छायाचित्रणाची विद्या १८३९ साली युरोपात जाहीर झाली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ह्यांनी तिच्या कार्यात भाग घेतला. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ह्या विद्येचा वर्ग निघाला. स्वातंत्र्यानंतर १९६० साली उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स ह्या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि तिची 'इंदू' फिल्म देशभर पोहोचली.

ह्या कलेचे खरे गर्भगृह म्हणजे काळोखी खोली. तांबड्या दिव्याच्या मंद उजेडात निगेटिव्हची छाया रौप्यक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर क्षणभर पाडावयाची. मग तो कागद डेव्हलपरमध्ये बुडविला, की कोऱ्या पांढरेपणातून हळूहळू डोळे, मिशा, पागोटे प्रकट होत. पुढे हायपोच्या द्रावणात उरलेले रौप्यक्षार विरघळवून वाहत्या पाण्यात कागद धुवावयाचा. ह्या शेवटच्या धुण्यात ज्याने आळस केला, त्याची प्रत काही वर्षांत पिवळी पडे. चित्राचे आयुष्य कारागिराच्या सचोटीवर अवलंबून असे.

नव्या युगाची चाहूल १९७५ साली लागली. त्या वर्षी कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन ह्या अभियंत्याने फिल्मवाचून चालणारा कॅमेरा बनविला. त्याच सुमारास शाईचे तुषार उडवून छापणारी यंत्रेही आकारास येत होती. कोणी शाई क्षणार्धात तापवून तिच्या बुडबुड्याने थेंब बाहेर ढकलला, तर कोणी विजेने आकुंचन पावणाऱ्या स्फटिकाकडून तेच काम करविले. आज असा एक थेंब लिटरच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या काही पटींएवढाच असतो. १९९१ साली कॅलिफोर्नियात ग्रॅहम नॅश ह्या गायक-छायाचित्रकाराने ह्या पद्धतीने कलात्मक प्रती काढणारी संस्था उघडली. परंतु त्या काळची विरघळणाऱ्या रंगांची शाई उजेडात लवकर विटे. २००० सालाच्या सुमारास सूक्ष्म रंगकणांची टिकाऊ शाई छायाचित्रांच्या लहान यंत्रांतही आली, आणि काळोख्या खोल्यांची दारे एकामागून एक उघडी पडली. २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅकने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. उटकमंडचा कारखानाही बंद पडला.

ह्या स्थित्यंतराचा फटका आम्हांसही बसला आहे. आमच्या आजीचे एकच छायाचित्र घरात होते. त्याची नवी, मोठी प्रत आम्ही हौसेने काढविली, खिडकीसमोर लाविली आणि जुनी प्रत माळ्यावर टाकली. चार वर्षांत नव्या प्रतीतील आजीचा कृष्णधवल चेहरा तांबूस व फिकट झाला. घाबऱ्याघुबऱ्या माळ्यावर चढून पाहतो, तो जुन्या प्रतीचा एक कोपरा कसरीने खाल्लेला. चेहरा मात्र जसाचा तसा! दोष नव्या विद्येचा नव्हता. स्वस्त शाई, कडक ऊन आणि जुन्याची हेळसांड हे तिन्ही दोष आमचेच होते.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची आग्रहाची विनंती आहे. नव्या साधनांचा अवश्य लाभ घ्यावा. त्यांच्यामुळे एकाच प्रतिमेच्या प्रती दहा भावंडांच्या घरी पोहोचू शकतात, आणि फाटलेली कडही सांधता येते. प्रत रंगकणांच्या शाईने, चांगल्या कागदावर काढवावी व उन्हापासून दूर लावावी. परंतु मूळ प्रत व निगेटिव्ह रद्दीत घालू नये. ती कोरड्या जागी जपावी. आणि मागील बाजूस मऊ पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहावे. चेहरा टिकला तरी तो कोणाचा हे सांगणारे वडीलधारे माणूस नेहमीच आपल्याजवळ असेल असे नाही.