रिकाम्या पुंगळीचे मोल

काडतूस झाडले की गोळी जाते, दारू जळते. पितळी पुंगळी मात्र मागे उरते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम मुलुखातील वस्तीकरांनी तिचे मोल ओळखले. दुकान दूर, पैसा थोडा. म्हणून पुंगळ्या जपून ठेवून त्या पुन्हा भरल्या जात.

हे काम सुलभ झाले ते एका इंग्रजाच्या युक्तीने. १८६६ च्या सुमारास एडवर्ड बॉक्सर यांनी योजिलेल्या टोपीसाठी पुंगळीच्या बुडाशी मधोमध एकच छिद्र असे. त्यातून सळई घालून जळकी टोपी सहज काढता येई. नवल असे, की अमेरिकन हायरम बर्डन यांची रचना युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत!

१८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी न्यू हेवन येथे ‘आयडियल’ कंपनी स्थापिली. तिच्या अडकित्त्यासारख्या हत्याराने घरबसल्या काडतूस भरता येई. काळी दारू पुंगळी भरून टाकी. पुढे आलेली धूरविरहित दारू थोडीच लागे. ती चुकून दुप्पट पडली, तरी पुंगळीत सहज मावे आणि रिव्हॉल्वरच फुटण्याचे भय असे. तेव्हापासून काटकसरीला तराजूची जोड अपरिहार्य झाली. सावधपणाविना केलेली बचत शेवटी महागच पडते.