भिंतीवरचा सातबारा

वारली चित्र तुम्ही साड्यांवर, कॅलेंडरवर पाहिलंत. मी ते आरेच्या पाड्यावर कुडाच्या भिंतीवर पाहिलं. गेरूवर तांदळाचं पीठ, बांबूची काडी. खाली सही नाही. लग्नाचा चौक बायका काढत, आत पालघट देवी. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींनी डहाणूत कागद नेला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगभर गेले, २०११ ला पद्मश्री झाले.

चित्राला मान मिळाला. जमिनीचं काय? डहाणू-तलासरीचे वारली सावकाराच्या वेठीला जुंपलेले. १९४५ ला उठले, तर गोळीबार झाला. आरेत १९४९ ला सरकारनं दूध वसाहत काढली. पाडे त्याआधीचे, पण कागदावर मालक सरकार. २०१७ ला मेट्रोच्या कारशेडसाठी प्रजापूरपाड्याची घरं उठवली. २०१९ च्या ऑक्टोबरात रातोरात झाडं पाडली. वनहक्काचा कायदा २००६ चा; पण आरे वनच नाही, असं सरकार कोर्टात म्हणालं. वन नाही तर हक्क कसला?

आपल्याला हे नवं नाही. १९५९ आणि १९६४ ला दादासाहेब गायकवाड भूमिहीनांसाठी रस्त्यावर उतरले, ते याच उताऱ्यासाठी.

वारल्याचा उतारा भिंतीवर आहे. झाड, ओढा, वाघोबा, नाचणारी माणसं. तलाठ्याला तो वाचता येत नाही. आपल्याला आला पाहिजे. चित्र घरी टांगण्याआधी विचारा, भिंत कुणाच्या नावावर आहे?