सात इंची दिव्याचं कूळ

मोटारीच्या विम्याच्या कागदांत घसाऱ्याचा एक तक्ता असतो. अपघातानंतर बदललेल्या कोणत्या भागाचे किती पैसे कापायचे, ते त्यात ठरलेलं असतं. काचेच्या भागांवर घसारा शून्य. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर सरसकट 50 टक्के. गाडीचा पुढचा दिवा खऱ्या काचेचा होता, तेव्हा त्याची जागा पहिल्या ओळीत होती. पुढे दिव्याचं तोंड आणि पाठ दोन्ही प्लास्टिकची झाली आणि तो दुसऱ्या ओळीत गेला. ‘झिरो डेप’चं, म्हणजे घसारा न कापण्याचं, जादा कवच नसेल, तर आज हेडलाईट फुटल्यावर निम्मी किंमत मालकाच्या खिशातून जाते. दिवा स्वस्त होता तेव्हा भरपाई पूर्ण, आणि महाग झाला तेव्हा अर्धी. हे असं का झालं, ते पाहायचं तर दिव्याचं कूळच उलगडावं लागतं.

मोटारीला पहिले दिवे मिळाले ते घोडागाडी आणि सायकलकडून. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासने ‘किंग ऑफ द रोड’ नावाचा तेलाचा सायकलदिवा विकून नाव कमावलं होतं. पण तेलाच्या ज्योतीने रस्ता दिसत नसे. फक्त समोरच्याला गाडी येतेय एवढं कळे. खरा उजेड आला तो कार्बाइडमधून. 1892 साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात टॉमस विल्सन अ‍ॅल्युमिनियम काढायची स्वस्त रीत शोधत होता, आणि त्याच्या विजेच्या भट्टीतून कॅल्शियम कार्बाइड निघालं. त्यावर पाणी टाकलं की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि लख्ख पांढरा जळतो. आपल्याकडे आंबे झटपट पिकवायला जी बंदी असलेली पावडर चोरून वापरतात, ती हीच. मोटारीच्या दिव्यात वरच्या कप्प्यातून पाणी थेंबथेंब खालच्या कार्बाइडवर पडे. चालकाने उतरायचं, झडप उघडायची, काडी ओढायची. आणि प्रवास संपला की ओला, उग्र वासाचा चुना खरवडून काढायचा.

ही कटकट वाचवायला 1904 मध्ये इंडियानापोलिसच्या कार्ल फिशर आणि जेम्स अ‍ॅलिसन यांनी सिलिंडरमध्ये भरलेला अ‍ॅसिटिलीन विकायला सुरुवात केली. कंपनीचं नाव प्रेस्ट-ओ-लाइट. गॅस भरताना स्फोट होत, तरीही धंदा इतका चालला की 1909 मध्ये इंडियानापोलिसची शर्यतीची धावपट्टी उभारणाऱ्या चौघांत हे दोघे होते.

1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगच्या विजेच्या स्टार्टरबरोबर विजेचे दिवेही आले. काडीपेटीची गरज संपली, पण नवी अडचण उभी राहिली: समोरच्याचे डोळे दिपू लागले. ओसरामने 1925 मध्ये एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवल्या, एक लांबच्या उजेडासाठी आणि एक जवळच्या. इंग्लंडमध्ये मात्र दिव्याचा परावर्तकच खाली झुकवत. आधी दांड्याने, मग विजेच्या चुंबकाने एका बाजूचा परावर्तक वाके आणि दुसऱ्या बाजूचा दिवा विझे. या झुकण्याला इंग्रजीत ‘डिप’ म्हणत. ट्रकच्या पाठीवर रंगवलेला ‘यूज डिपर अ‍ॅट नाइट’ आणि आपल्या चालकांचा ‘अप्पर-डिपर’ हे त्या डिपचेच वंशज. परावर्तक वाकवणारी यंत्रणा केव्हाच गेली, शब्द तेवढा राहिला. जुन्या जीपमध्ये डिपरचं बटण डाव्या पायाखाली असे. ते टाचेने की चवड्याने दाबायचं, यावरून चालकाची सवय ओळखू यायची.

तिसाच्या दशकात अमेरिकेत दिव्यांचा कारभार पार विस्कटला होता. प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा, प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. परावर्तकांवर चांदीचा मुलामा असे, तो ओलीने आणि धुळीने काळवंडे. बल्ब बदलताना तार जराशी सरकली की झोत भलतीकडेच जाई. यावर जो तोडगा निघाला, तो मोटारीच्या इतिहासातल्या सर्वात लोकहिताच्या निर्णयांपैकी एक म्हणायला हवा. 1940 च्या मॉडेलपासून अमेरिकी गाड्यांना एकच दिवा ठरला: सात इंच व्यासाचा, गोल, ‘सील्ड बीम’. पुढची काच आणि मागचा काचेचाच परावर्तक एकमेकांना वितळवून जोडलेले, परावर्तकावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, आत तारा आणि निष्क्रिय वायू. धूळ जायला वाट नाही. तार कारखान्यातच नेमक्या जागी बसवलेली, त्यामुळे फोकस बिघडायचा प्रश्न नाही.

तार तुटली की सगळा दिवाच टाकून द्यायचा. ऐकायला उधळपट्टी वाटते, पण दिवा सगळ्यांचा एकच असल्याने स्वस्त होता आणि कुठल्याही पेट्रोलपंपावर मिळे. स्क्रू ढिले करायचे, कडं काढायचं, मागचा प्लग उपसायचा आणि नवा दिवा बसवायचा. श्रीमंताच्या कॅडिलॅकला आणि शेतकऱ्याच्या पिकअपला तोच दिवा लागे. गाडी वीस वर्षं जुनी असली तरी तिचा दिवा बाजारातून नाहीसा होत नसे.

या सोयीची किंमतही होती, आणि ती अंधारात मोजावी लागली. नियमाने दिवा स्वस्त ठेवला, तसा तो जागच्या जागी थिजवलाही. पन्नासच्या दशकाच्या शेवटी चार लहान दिव्यांना परवानगी मिळाली, सत्तरीच्या मध्यावर चौकोनी दिव्यांना. बदल म्हणावेत असे एवढेच. तिकडे युरोपात 1962 मध्ये हॅलोजन बल्ब मोटारीत आला, 1971 मध्ये दोन तारांचा एच-4 आला. 1967 ची सित्रोएन डीएस तर स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे काचेच्या आवरणाआड घेऊन रस्त्यावर उतरली. अमेरिकेत विकायच्या डीएसला ती आवरणं काढावी लागली. मर्सिडीजलाही अटलांटिक ओलांडताना आपले उभट दिवे उतरवून गोल सील्ड बीम चढवावे लागत.

हा नियम तेलाने मोडला. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने मोटारींना इंधनबचतीची अट घातली, आणि वाऱ्याला काटकोनात उभे राहणारे सपाट दिवे अभियंत्यांना खुपू लागले. गाडीचं नाक निमुळतं करायचं तर दिवाही तिरपा हवा. 1981 मध्ये फोर्डने नियमबदलासाठी अर्ज केला, 1983 मध्ये परवानगी मिळाली आणि 1984 च्या मॉडेलची लिंकन मार्क सेव्हन ही गाडी आपल्या अंगाच्या उतारात मुरलेले दिवे घेऊन आली. आता प्रमाण ठरवलेलं राहिलं ते फक्त बल्बचं. त्याभोवतीची पेटी कशीही असली तरी चालणार होतं.

कुळाच्या दोन शाखा झाल्या त्या इथे. दिवा हा कुठल्याही गाडीला बसणारा सुटा भाग होता. तो आता गाडीचा चेहरा झाला, आणि एकाचा चेहरा दुसऱ्याला बसत नाही. प्रत्येक मॉडेलला वेगळे साचे, त्यात डाव्याचे आणि उजव्याचे निराळे, त्यातही महागड्या आणि साध्या व्हेरियंटचे अलग. साच्यांचा खर्च पूर्वी कोट्यवधी दिव्यांवर वाटला जाई, आता तो एकाच मॉडेलच्या डोक्यावर येतो. दोन-चार वर्षांत चेहरा बदलला की जुने साचे बाजूला पडतात.

अशा वळणदार पेट्या घडवायला काच परवडली नसती. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक 1953 मध्ये जर्मनीत बायरच्या हर्मन श्नेलने आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्सने एकमेकांना नकळत शोधलं होतं. हलकं, दगड लागला तरी सहज न फुटणारं, हव्या त्या वळणात ओतता येणारं. मात्र त्याला ओरखडे लवकर पडतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. म्हणून त्यावर कठीण लेप देतात. वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा तो लेप झिजतो, आणि मोतीबिंदू झाल्यासारखे धुरकट दिवे दिसू लागतात. गॅरेजमध्ये बफिंग करून ते स्वच्छ होतात, पण बफिंगबरोबर उरलासुरला लेपही निघतो. नवा लेप न देता गाडी हाती पडली, तर दिवे पुन्हा पिवळे पडायला वेळ लागत नाही.

मग पेटीच्या आतला ऐवजही वाढत गेला. 1991 मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये झेनॉन आला. हे दिवे इतके मौल्यवान ठरले की अमेरिकेत 2002-03 च्या निस्सान मॅक्सिमाचे झेनॉन दिवे चोरीला जाऊ लागले. 2007 मध्ये लेक्सस एलएस 600एच गाडीने जवळच्या झोतासाठी एलईडी लावले, 2013 मध्ये औडी ए-8 मध्ये समोरच्या गाडीपुरता अंधार ठेवून बाकी रस्ता उजळणारा मॅट्रिक्स दिवा आला.

उजेड खरोखरच सुधारला, हे कबूल करायलाच हवं. तरी तो सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्तासुरक्षा संस्थेने 2016 मध्ये 31 मध्यम आकाराच्या गाड्यांचे दिवे तपासले, तर ‘उत्तम’ ठरली फक्त एक, टोयोटाची प्रियस व्ही. तीही ठरावीक दिवे असलेल्या व्हेरियंटपुरतीच.

हॅलोजनचा बल्ब काही शे रुपयांत येतो. अनेक एलईडी दिव्यांत मात्र बदलण्याजोगा बल्बच नसतो. चिप, उष्णता शोषणारा धातूचा कंगवा, चालवणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, झोत वरखाली करणारी मोटर हे सगळं एका चिकटवून बंद केलेल्या पेटीत असतं. आतला एक तुकडा गेला किंवा मागचा प्लास्टिकचा कान तुटला, तरी काउंटरवरून उत्तर येतं: असेंब्ली बदलावी लागेल. त्यासाठी बऱ्याच गाड्यांचा पुढचा बंपर उतरवावा लागतो, काहींत नव्या मॉड्यूलची गाडीच्या संगणकाशी ओळख करून द्यावी लागते, आणि शेवटी फोकस सेट करणं आलंच. बिल हजारांच्या घरात सुरू होतं; आलिशान गाडीत ते लाखांत जातं.

हा भाग कोण विकू शकतो, यावरही किंमत ठरते. 2014 च्या ऑगस्टमध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने खुल्या बाजारात सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळू न देण्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात आणि न्यायालयात गेल्या. 2022 मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारं आणि मोबाइलबरोबर मोटारीही होत्या. मालकाच्या बाजूने पडलेली ही पावलं मोलाची आहेत. तुटलेल्या कानासाठी अख्खा दिवा विकत घ्यायला लावणं हा अन्याय आहे, आणि तो नियमानेच दूर होऊ शकतो. 1940 चा सील्ड बीमही नियमानेच टिकला होता.

जुनी शाखा अजून निर्वंश झालेली नाही. 1945 च्या विलीज सीजे-2ए जीपला सात इंची दिवे होते, 2018 मध्ये बंद झालेल्या पिढीच्या जीप रँग्लरलाही सात इंचीच. मुंबईत महिंद्रांनी विलीजच्या जीप जोडायला घेतल्या, तेव्हा हा व्यास त्यांच्याबरोबर इकडे आला आणि बुलेटच्या कपाळावरही तोच राहिला. फक्त आता आतली तार सील केलेली नसते. मागून एच-4 बल्ब बसतो. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानी सात इंची गोल दिव्याची काच मागितली, तर गाडी कुठल्या सालची, हा प्रश्न येत नाही. विचारलं जातं ते एवढंच, की बल्बसकट हवी की नुसती.