परगावचा पोदेस्ता

नगराचा अधिकारी नगरवासीच असावा, हा आग्रह आपल्या परिचयाचा आहे. मध्ययुगीन इटलीतील नगरांनी नेमका उलटा नियम केला. घराण्यांच्या वैरांनी त्रस्त झालेल्या फ्लॉरेन्सने १२०७ साली आपला पोदेस्ता, म्हणजे मुख्य न्यायाधीश व प्रशासक, मिलानहून आणविला. मुदत प्रथम वर्षाची, पुढे सहा महिन्यांची. न्यायपंडित, कारकून, शिपाई त्यानेच बरोबर आणावयाचे. कित्येक नगरांत नागरिकाच्या घरी भोजनासही त्यास मज्जाव असे. मुदत सरल्यावरही कारभाराची चौकशी होईपर्यंत त्याची सुटका नसे. बदलीच्या नोकरीतील मजसारख्या कारकुनास हे एकाकीपण उमजते; तरी निःपक्षपातासाठी ते अवाजवी वाटत नाही. मात्र १३०२ साली दांतेला हद्दपार करणारा, विजयी पक्षाचा कैवारी पोदेस्ता कान्ते गाब्रिएल्ली हाही परगावचाच, गुब्बियोचा होता.