मुंबईची मोटारबस आणि मुंबईचें विमान



शहराचा इतिहास सांगतांना आपण बहुधा राज्यकर्ते, तटबंदी आणि मोठमोठ्या इमारती यांचाच विचार करतों. परंतु शहरांतला माणूस घरून कामावर कसा गेला, आणि त्यासाठीं त्याला किती पैसे मोजावे लागले, हाहि इतिहासच होय. आज मी मुंबईच्या दोन वाहनांविषयीं चार शब्द बोलणार आहें. एक रस्त्यावरची मोटारबस आणि दुसरें आकाशांतलें विमान. हीं दोन्हीं वाहनें अवघ्या सहा वर्षांच्या अंतरानें मुंबईकरांच्या सेवेस आलीं, आणि दोहोंपुढेंहि प्रश्न एकच उभा होता : हें वाहन कोणासाठीं?

मोटारबसच्या आधीं मुंबईच्या रस्त्यांवर राज्य होतें ट्रामचें. 9 मे 1874 रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि 1907 सालीं ती विजेवर धावूं लागली. ट्राम स्वस्त होती. पण रूळ टाकल्यावांचून तिला पुढें सरकतां येत नसे. इकडे शहर मात्र उत्तरेकडे वाढत चाललें होतें. 1896 च्या प्लेगनें दाट वस्तीचा धोका दाखवून दिला. त्यानंतर 1898 सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, व त्यानें दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत उभारण्याचें काम हातीं घेतलें. या नव्या वस्तीला रुळांवांचून चालणारें वाहन हवें होतें.

15 जुलै 1926 रोजीं कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली मोटारबस धावली. ती चालविणारी कंपनी ट्रामचीच. शहराला वीज पुरविणारीहि तीच. आरंभींच्या मार्गांपैकीं दुसरा दादरच्या ट्राम-टर्मिनसपासून किंग्ज सर्कलपर्यंत होता, म्हणजे ट्रामचे रूळ संपत तेथें बस सुरू होई. तिसरा मार्ग ऑपेरा हाऊसपासून लालबागपर्यंतचा. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारें 6 लाख उतारूंनीं बसनें प्रवास केला. पुढील वर्षीं ही संख्या सुमारें 38 लाखांवर गेली.

हे आकडे मोठे खरे, पण त्यांवरून बस सर्वांची झाली असें मात्र समजूं नये. ससून डॉकपासून दादरपर्यंत ट्रामला दीड आणा पडे. त्याच प्रवासाला बसचे चार आणे होत. म्हणजे एकीकडे सहा पैसे आणि दुसरीकडे पुरी पावली! गिरणींत राबणाऱ्या माणसानें जातां-येतां पावली मोजली, तर त्याच्या घरीं चूल कशी पेटावी? त्यामुळें कित्येक वर्षें बस हें सुखवस्तु मध्यमवर्गाचें वाहन आणि ट्राम हें गरिबाचें, अशी वांटणीच पडून गेली होती. 1934 सालीं बस शहराच्या उत्तर भागांत पोंचली. 1937 सालीं दुमजली बस आली. 7 ऑगस्ट 1947 रोजीं, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधीं, नगरपालिकेनें हा सारा कारभार आपल्या हातीं घेतला. त्या वेळीं बसगाड्या होत्या 242. मालक बदलला, आणि त्याबरोबर हेतूहि बदलला. भागीदारांचा नफा हें ध्येय जाऊन नागरिकांची सोय हें ध्येय आलें. पुढें 31 मार्च 1964 रोजीं शेवटची ट्राम धावली, तेव्हां गरिबाला बसवांचून दुसरा आधार नको, अशी स्थिति आलेली नव्हती. लोकल आगगाडी होतीच. पण गल्लीबोळांच्या तोंडापर्यंत जाणारें वाहन आतां बस हेंच एक उरलें.

आतां आकाशाकडे वळूं. जुहूच्या विमानतळाची स्थापना 1928 मधली. इंग्लंडहून येणारें विमानाचें टपाल कराचीस उतरे. तेथून तें पुढें नेण्याचें काम टाटांनीं पत्करलें. 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं एका इंजिनाचें लहानसें पुस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस आणलें, आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बळ्ळारीमार्गें मद्रासेस पोंचविलें. थाट म्हणाल तर झावळ्यांनीं शाकारलेली शेड! पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई, आणि मग सारा पसारा पुण्यास हालवावा लागे. पहिल्या वर्षांत या सेवेनें प्रवास केलेल्यांची संख्या होती 155. दोन-तीन दुमजली बसगाड्यांत सहज मावतील एवढींच हीं माणसें!

29 जुलै 1946 रोजीं टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. 8 जून 1948 रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला निघालें. 1953 मध्यें विमानसेवेचें राष्ट्रीयीकरण झालें. 2022 सालीं एअर इंडिया पुन्हां टाटांकडे आली. जुहूची जागा सांताक्रूझनें घेतली, सहारला नवी इमारत झाली, आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. या शतकाच्या आरंभीं स्वस्त विमानकंपन्या निघाल्या, आणि ज्यांच्या वडिलांनीं विमान केवळ खालून पाहिलें, तीं मुलें त्यांत बसूं लागलीं. शिक्षकाच्या नात्यानें सांगतों, याचा मला मनापासून आनंद आहे.

परंतु विमान खालीं येत असतां बस मात्र हातची जाऊं लागली आहे. वर्षानुवर्षें बसची तूट विजेच्या नफ्यांतून भरून निघे. तो आधार तुटला आणि बसकडे ओझें म्हणून पाहण्याची संवय जडली. 15 सप्टेंबर 2023 रोजीं जुन्या धर्तीची शेवटची दुमजली बस अंधेरीच्या आगरकर चौकांतून सीप्झकडे धावली. लोक तिला निरोप देण्यास जमले होते. विजेवर चालणाऱ्या नव्या दुमजली गाड्या आल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट. परंतु गाडीच्या नवलाईपेक्षां थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती किती वेळानें मिळते, हें महत्त्वाचें.

हा मार्ग विमानतळाच्या परिसरांतलाच होता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. विमानांत सामान चढविणारा, तेथली फरशी पुसणारी बाई, रात्रपाळीचा पहारेकरी हे कांहीं विमानानें कामावर येत नाहींत. ते बसची वाट पाहतात. बस तोट्यांत चालते म्हणून ती कमी करा, असें म्हणणें म्हणजे दीड आणा आणि चार आणे यांमधली ती जुनी भिंत पुन्हां उभारणें होय. आणि या वेळीं पलीकडे ट्रामहि नाहीं.

शहराची थोरवी त्याचीं विमानें किती उंच उडतात यावरून खुशाल मोजावी; पण त्याच वेळीं रात्रीं उशिरा थांब्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला घरीं जावयास बस मिळते कीं नाहीं, हेंहि अवश्य विचारावें.