दम्याच्या तीव्र झटक्यातील मास्कद्वारे श्वसनसाहाय्य

घशात नळी न घालता, नाकातोंडावर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दाबाने हवा देऊन रुग्णाच्या श्वासाला आधार देण्याची पद्धती. त्यासाठी बहुधा बायपॅप यंत्र वापरतात.

तीव्र झटक्यात श्वासनलिका आकसतात, सुजतात आणि चिकट कफाने भरतात. उच्छ्वास पुरा होण्याआधीच पुढचा श्वास सुरू झाल्याने हवा फुप्फुसांत कोंडते. या कोंडलेल्या दाबावर दर श्वासाला मात करताना छातीचे स्नायू थकतात. धापा टाकणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड ‘सामान्य’ आढळणे ही त्या थकव्याचीच खूण असते, दिलाशाची नव्हे. यंत्र उच्छ्वासात थोडा (सुरुवातीस ३ ते ५ सेंमी. जलदाब) व श्वास घेताना अधिक (८ ते १०) दाब देऊन हे श्रम हलके करते.

ऑक्सिजन, साल्ब्युटामॉल व इप्राट्रोपियमचे नेब्युलायझेशन, स्टेरॉइड आणि शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट हा उपचारांचा पाया मास्क लावल्यावरही कायम राहतो.

सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या दीर्घकालीन अवरोधक विकाराच्या) झटक्यात ही पद्धती सिद्ध झालेली आहे. दम्यात पुरावा तोकडा आहे. इस्रायलमधील ३० रुग्णांच्या चाचणीत (२००३) फुप्फुसांची क्षमता लवकर सुधारली. परंतु वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात मृत्यू वा नळी घालण्याची गरज घटल्याचे सिद्ध झाले नाही.

गुंगी, उलट्या किंवा खालावलेला रक्तदाब असल्यास मास्क टाळतात. तो सहन व्हावा म्हणून झोपेचे औषध देणे घातक ठरू शकते. हा उपचार अतिदक्षता विभागातच करावा आणि एक-दोन तासांत उतार न पडल्यास नळी घालण्यास विलंब करू नये.